यंत्र वेगाने मेले नाही

अर्जदार : मी स्वतः. वय त्या वेळी पन्नाशीच्या अलीकडे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीच्या कुंपणालगत पत्र्याच्या शेडखाली, राहणार टेमघर, भिवंडी.

सामनेवाले : एक, माझी थोरली वहिनी. दोन, तिची मुलगी, म्हणजे माझी पुतणी.

साक्षीदार : मीच. माझा थोरला भाऊ आणि पुतणीचा मामा हे दोघे हजर होते. परंतु हजर असणे आणि पाहिलेले असणे यांत फरक आहे, आणि तो फरक करण्यावरच माझे पोट चालत आले आहे.

घटनेचा काळ : दोन हजार आठ-नऊचे दरम्यान. दिवाळी उलटली होती, तुळशीचे लग्न व्हायचे होते. त्या मधला एक शनिवार, रविवार आणि सोमवार.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. आयुष्यभर मी लोकांची नावे बापाच्या नावासकट टंकली आणि माझ्या हे ध्यानात आले की, माणूस नावाआड सहज लपतो. नात्याआड त्याला लपता येत नाही.

हे प्रकरण कोणत्याही कचेरीत दाखल होणार नाही, हे मला ठाऊक आहे. लॅपटॉप मेला म्हणून कोणी पंचनामा करीत नाही. तथापि मृत्यूचे कारण चुकीचे नोंदले गेले, की प्रेत गेले तरी प्रकरण जागच्या जागी राहते. आमच्या घराने त्या यंत्राच्या मृत्यूचे कारण 'पोरीने जास्त पळवला' असे ठरवून टाकले. ते खोटे आहे. का खोटे आहे, हे मी येथे क्रमाने मांडतो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची कर्तबगारी एवढीच, की वडील वारले तेव्हा जमीन हायवेच्या कडेला होती. ती गोदामवाल्यांकडे गेली आणि दादा मोठा माणूस झाला. त्याने घराला मजला चढवला, तळमजल्यावर यंत्रमाग लावून ते भाड्याने दिले, आणि मला मागच्या अंगणातली खोली 'राहू दिली'. हे शब्द त्याचे. त्याच्या मुलाने हट्ट धरला म्हणून त्याने एक महागडा लॅपटॉप घेतला, ज्यात खेळांसाठी वेगळे ग्राफिक कार्ड होते. पुढे मुलाला मोटरसायकल मिळाली आणि लॅपटॉप कपाटावर गेला. तेथून तो पुतणीने उतरवला.

पुतणी ठाण्याला एका वर्गात जात असे. इमारत बांधून होण्याआधी ती आतून-बाहेरून कशी दिसेल, हे संगणकावर उभे करण्याचे ते शिक्षण. घरातल्यांनी परवानगी दिली ती तिने काही करावे म्हणून नव्हे, तर लग्नाच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढावी म्हणून. ओळ वाढली, स्थळही आले. गंमत अशी, की स्थळाला त्या ओळीचे काही देणे-घेणे नव्हते.

स्थळ अंबाडीच्या पलीकडच्या गावातले, वहिनीच्या माहेरच्या भावकीतले, तिच्या सख्ख्या भावाने, म्हणजे या मामाने आणलेले. मुलगा वाईट नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. वीटभट्टी, टेम्पो, दारू नाही. अट एकच होती, की सून बाहेर कामाला जाणार नाही. मामाने ती अट सांगताना वर दिलासाही दिला होता, "कंपूटर आणला तरी चालंल हो. पोरांना खेळाया व्हईल." हा मामा जेवताना बोलत नाही, हा त्याचा एकमेव गुण, दुर्दैवाने तो सदासर्वकाळ जेवत नसतो. वहिनीने स्वतःच्या वडिलांच्या तेराव्याला, माहेरच्या ओसरीवर, चार माणसांसमक्ष भावाला शब्द दिला होता, की पोर तुमच्याच गावात देईन. माहेरी दिलेला शब्द मोडला, की बाई माहेराला मुकते. वहिनीला यापेक्षा मोठी शिक्षा कल्पनेतही सुचली नसती.

अशात ठाण्याच्या एका कार्यालयाने पुतणीला बोलावले. बिल्डरांसाठी असली चित्रे तयार करणारे ते कार्यालय होते. त्यांनी एका घराचा नकाशा दिला आणि सांगितले की, हे घर संपूर्ण उभे करा, काचा-कठड्यांसकट, आणि सोमवारी आपल्याच यंत्रावर आम्हाला त्यातून फिरवून दाखवा. दारातून आत, दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, तेथून गच्ची. न अडखळता फिरवता आले, तर नोकरी.

दादाला ती बातमी लागली त्या दिवशी मामा बसलाच होता. दादाने मामा आणि वहिनीसमोर पोरीला उभी केली. मीही तेथे होतो.

"ऐक. सोमवारी त्या हापिसवाल्यांनी तुला घेतली, तर सोयरीक मोडली असं मामाला मी सोता सांगन. न्हाय घेतली, तर तुळशीचं लगीन झालं का साखरपुडा. हाय कबूल?"

"कबूल, बाबा."

"मागून रडायचं न्हाय."

"तुम्हीपण नाही," ती म्हणाली.

दादा हसला. मामा हसला नाही. वहिनी चहाचे कप गोळा करीत होती. तिच्या हातातल्या बशा वाजल्या. दादामध्ये दुर्गुण पुष्कळ आहेत, पण चार माणसांत दिलेला शब्द तो मोडत नाही, आणि हे वहिनीइतके कोणालाही माहीत नव्हते.

आता यंत्राचे. पुतणीने घर उभे केले होते. दिवाणखान्यापर्यंत चित्र बरे चाले, पण गच्चीकडे वळले, काचा आणि कठडा समोर आला, की ते एखाद्या पक्षाघात झालेल्या माणसासारखे एक पाय ओढून थांबे. काचा काढल्या तर ते पळाले असते. पण काचा काढायच्या नव्हत्या. शनिवारी कचेरीला सुट्टी, म्हणून मी तिच्याजवळ बसलो होतो. मी विचारले, आता?

"काका, कार्डाचा वेग थोडा वाढवते. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

"जळेल."

"बिनडोकपणे वाढवलं तर जळेल. लॅपटॉपमधलं कार्ड बोर्डालाच चिकटवलेलं असतं, काढून दुसरं घालता येत नाही. ते गेलं की सगळंच गेलं. म्हणून तर तुम्हाला बसवलंय. मी घाई करायला लागले, की ओरडा."

जे मला समजले नाही, ते मी आजवर कधी टंकलेले नाही. तेव्हा मी तिला प्रत्येक गोष्ट विचारली आणि तिने ती सांगितली. सर्वप्रथम तिने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि खालचे झाकण उचलले. आतल्या छोट्या पंख्यापुढे सुताच्या तुसाची एक चटईच विणली गेली होती. भिवंडीत वेगळे काय होणार? आमच्या तळमजल्यावरचे माग दिवसभर तूस उडवतात. ते भातात पडते, डोळ्यांत जाते, देवाच्या निरांजनात जळते. पुतणीने ती चटई चिमट्याने अख्खी उचलली आणि मला दाखवली. "यातूनच श्वास घेत होता बिचारा." मग तिने ब्रशने पाती साफ केली, कार्डाच्या चिपवरचा वाळून खडा झालेला लेप पुसला आणि नवा लेप पातळसा लावला. हा लेप चिपची उष्णता वरच्या तांब्याकडे पोचवतो. तो जाड झाला तर उलट उष्णता अडवतो, हे तिने दोनदा सांगितले.

तेवढ्यात वहिनी दारात आली. तिच्या हातात खोळ होती. आमच्या घरात मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, फ्रिजच्या मुठीलासुद्धा खोळ; तुसाच्या गावात झाकणे म्हणजे जपणे. लॅपटॉपची खोळ तिने जुन्या रजईतून शिवली होती, आत कापूस, कडेला नाडी.

"आता साफ केलास ना? मग घाल ही. पुन्हा तूस जायाला नको."

"आई, बंद असेल तेव्हा घाल. चालू असताना नाही. चालू असताना झाकलंस, तर मरेल तो. खालून वारा घेतो, बाजूने टाकतो."

"मरंल म्हणं. माणूस हाय का काय?"

"आई, खरंच."

"बरं बाई," वहिनी म्हणाली, "न्हाय झाकत." हे संभाषण मी ऐकले आहे. ते या प्रकरणाचा पाया आहे.

पुतणीने लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली मागावरच्या, सूत गुंडाळायच्या दोन रिकाम्या लाकडी कांड्या ठेवल्या, त्यामुळे खालून हवेला वाट झाली. मग तिने वेग वाढवायला घेतला. कार्डाला दोन वेग असतात, एक त्याच्या मेंदूचा आणि एक स्मरणाचा. तिने आधी फक्त मेंदूचा घेतला. मी म्हणालो, दोन्ही एकदम वाढव, वेळ वाचेल. ती म्हणाली, "काका, बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कसं कळेल?" मी मान्य केले, कारण हे मी स्वतः शेकडो माणसांना सांगत आलो आहे: एका अर्जात दोन मागण्या घालू नका, अर्ज फेटाळला गेला, की कोणत्या मागणीने घात केला ते समजत नाही.

वेग ती दहा-दहाने वाढवी. प्रत्येक वाढीनंतर पडद्यावर एक केसाळ गोळा गरगर फिरवून कार्डाला दमवी, आणि कोपऱ्यातला उष्णतेचा आकडा पाहत राही. तलाठ्याकडे काम झाले, की मंडल अधिकारी, मग तहसीलदार. थेट मंत्रालयात उडी मारणारा परत तलाठ्याकडेच येऊन पडतो, तसाच हा मार्ग होता. वीज गेली, की काम थांबे, कारण बॅटरीवर कार्ड आपोआप मंदावते आणि चाचणी खोटी ठरते. विजेच्या दाबाला तिने हात लावला नाही. "तिथे हात लावणाऱ्यांचेच जळतात," ती म्हणाली. वाढवलेला वेग तिने कायमचा केलेला नव्हता. यंत्र बंद करून सुरू केले, की मूळ वेग परत येई. आमच्या भाषेत अंतरिम आदेश.

दुपारनंतर एका पायरीवर गोळ्याच्या केसांत पांढरे ठिपके चमकू लागले, म्हणजे कार्डाची मर्यादा ओलांडली गेली. मी पाहिले, तिनेही पाहिले. तिने त्याच क्षणी बटण दाबले आणि एक पायरी नव्हे, दोन पायऱ्या मागे आली. "एक पायरी मागे आले तर आज चालेल. सोमवारी ठाण्याच्या एसी नसलेल्या खोलीत दगा देईल. दोन मागे आले की झोप लागते." मग स्मरणाचा वेग, त्याच रीतीने. शेवटी आकडा पंच्याऐंशीच्याही खाली स्थिरावला, म्हणजे साफ करण्यापूर्वी मूळ वेगावर जितका होता त्याहूनही कमी. हे वाक्य कृपया दोनदा वाचावे. वेग वाढवलेले यंत्र पूर्वीपेक्षा थंड चालत होते.

मग तिने मला घरातून फिरवून आणले. दार, दिवाणखाना, ओटा, गच्ची. कठडा आला, काचा आल्या, काचेत आभाळ आले, आणि चित्र पाण्यावरून होडी जावी तसे वळले. मी आयुष्यात दुसऱ्याच्या घरांच्या हद्दीच टंकत आलो. कोणाच्या गच्चीत असा उभा राहिलो नव्हतो.

"काका, अर्ज मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो.

रविवारी एकच काम उरले होते: तासभराची सलग चाचणी. ती चालू असताना मामा आला, आणि त्याच्याबरोबर मुलाची आई आणि मावशी. "सहज आलो, बाजारात काम होतं." रविवारी त्यांचे भिवंडीत कोणते काम होते, हे कोणी विचारले नाही, मी मात्र एवढे पाहिले, की न सांगता आलेल्या पाहुण्यांसाठी वहिनीच्या ओट्यावर पुरण वाटून तयार होते. पुतणीला साडी नेसून बाहेर बोलावले गेले. ती उठताना वहिनीला म्हणाली, "आई, हा आकडा बघत राहा. नव्वद झाला तर हे बटण दाब. आणि झाकू नकोस हां."

"जा तू. बघते मी."

दादाने मलाही हाक मारली, कारण मुलीकडून एक तरी कपाळाला गंध लावलेला माणूस बसलेला बरा दिसतो. बाहेर पुतणी पाट मांडत होती, मावशी तिचे पाय पाहत होती. "चालते बरी," मावशी म्हणाली. मुलाची आई म्हणाली, "पोरी, सैपाकात काय काय येतं?" मामाने परस्पर उत्तर दिले, "आता कंपूटरवर पुरणपोळी करंल," आणि स्वतःच्याच विनोदावर पाणी ठसकेपर्यंत हसला. वहिनी मधूनमधून आत जात होती, पोळ्या आणीत होती, परत जात होती.

पाहुणे गेले. पुतणी आणि मी बरोबरच आत गेलो. लॅपटॉपवर रजईची खोळ होती. नुसती टाकलेली नाही, घातलेली. खालून ओढून घेतलेली, नाडी आवळून तिला गाठ मारलेली. कडेखालच्या दोन्ही कांड्या काढून टेबलावर शेजारी शेजारी नीट ठेवल्या होत्या. पुतणीने गाठ सोडवली तेव्हा आतून ओव्हनचे दार उघडावे तशी वाफ आली आणि तिने बोटे झटकली. पडद्यावर उभ्या रेघा होत्या. बघता बघता त्याही गेल्या. दिवा हिरवा होता, पंखा फिरत होता, पडदा काळा. अशी यंत्रे उष्णता फार वाढली, की स्वतःला वाचवायला बंद होतात, असे ती म्हणाली. हे बंद झाले नाही, किंवा व्हायला उशीर झाला.

वहिनी दारात उभी होती. "झाकला मी," ती म्हणाली. "तूस उडत व्हतं."

 पुतणीने यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिले. शेवटी शाळेच्या जुन्या पिशवीत घातले आणि आम्ही रिक्षाने निजामपुऱ्यात गेलो. तेथली दुकाने शुक्रवारी बंद असतात, रविवारी उघडी. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले, हुंगले आणि विचारले, "चिप गई. पंखा तो साफ है, पेस्ट भी नया है. रजाई में रखा था क्या?"

मी तोंड उघडले. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नहीं भैया. मैंने ज़्यादा भगाया."

रिक्षात मी तिला विचारले, हे काय बोललीस? ती म्हणाली, "त्याला सांगून काय उपयोग काका? तो थोडाच आईचा निकाल करणार." मला ते पटले. मी असे धरले, की योग्य ठिकाणी ती खरे सांगेल. दुरुस्तीवाला म्हणजे काही योग्य अधिकारी नव्हे.

सोमवारी सकाळी तिने ठाण्याला फोन केला. दुसऱ्या कोणाच्या यंत्रात असे कार्ड नव्हते, सायबर कॅफेतल्या डब्यांवर ते घर उघडतसुद्धा नव्हते. दोन दिवस मिळतील का, एवढेच तिने विचारले. पलीकडच्या बाईने अर्धे ऐकून सांगितले, की ज्यांना यंत्र सांभाळता येत नाही, त्यांना आम्ही काय देणार. आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी दादाच्या दिवाणखान्यात निकालाची बैठक झाली. दादा, वहिनी, मामा, पुतणी आणि मी. दादा मला बस म्हणाला नाही, तरी मी बसलो.

"न्हाय घेतली तुला. बरोबर?" दादा म्हणाला.

"नाही, बाबा."

"मग कबूल केल्यापरमानं…"

"थांब," मी म्हणालो. "शर्त होती तिच्या कामाची. तिचे काम पुरे झाले होते. यंत्र मारण्यात आले."

दादाने माझ्याकडे असे पाहिले, जसे तो भाडे थकवलेल्या मागवाल्याकडे पाहतो. "कोणी मारलं?"

मी उभा राहून सगळे सांगितले. तूस, लेप, पायऱ्या, ठिपके, दोन पायऱ्या मागे, आकडा. मी सावकाश सांगितले, जसे अडाणी पक्षकाराला सांगतो. आणि शेवटी खोळ.

मामा आधी हसला. "आरं वा! नववी नापास, आन् चिपचं पोस्टमार्टम करतंय."

"नापास नाही. सोडली," मी म्हणालो.

"तेच ते. सोडली म्हंजे नापास व्हायाच्या आदी पळाला."

दादा हसू लागला. मी वहिनीकडे वळलो. "वहिनी, झाकू नको असे तुम्हाला सांगितले होते की नाही?"

"सांगितलं व्हतं. माझ्यानं ऱ्हावलं न्हाय. घरात काय उघडं ठेवते मी?"

"नाडीची गाठ?"

"गाठ न्हाय मारली तर सरकते खोळ, भावोजी. तुमी कदी घातली का?"

"कांड्या का काढल्या?"

"घसरून पडला असता. पडला असता तर तुमीच बोलला असता, वहिनीनं पाडला."

प्रत्येक उत्तर चोख होते. मी आजवर अनेक बायकांचे जबाब टंकले. इतके पाठ केलेले उत्तर इतक्या साध्या चेहऱ्याने देणारी बाई पाहिली नाही. बोलताना ती पदराला हातही लावत नव्हती. मला तिच्याबद्दल जे वाटले त्याला मी आदर म्हणणार नाही, पण शब्द त्याच्याच जवळपासचा होता.

"तासभर बसला होता ना तुझा लॅपटॉप रजईत," मी दादाला म्हणालो, "तू बस. मे महिन्यात, कंबरेला नाडी बांधून. मग सांग पळाल्याने माणूस मरतो की झाकल्याने."

दादाचे हसणे थांबले. क्षणभर मला वाटले, की त्याला समजले. दादाला व्यवहार समजतो, आणि फसवणूकही समजते. त्याने वहिनीकडे सरळ पाहिले. वहिनीच्या नाकपुड्या हलल्या. मामाने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. आणखी एक वाक्य, पोरीच्या तोंडचे फक्त एक वाक्य आले असते, तर सोयरीक त्या खोलीतच मोडली असती. मी पुतणीकडे हात केला. "बोल."

ती उभी राहिली. ती आईकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही.

"काका, राहू द्या. मीच जास्त पळवला. रविवारी सकाळी तुम्ही यायच्या आधी अजून वाढवला होता. आईने झाकला तेव्हा तो गेलाच असणार."

"खोटे," मी म्हणालो. "मी सकाळी चहाच्या आधीपासून तिथे होतो. आकडा माझ्यासमोर होता."

"तुम्हाला दिसला नसेल."

 दादाने मांडीवर थाप मारली. "झालं! जास्त पळवलं का जळतंच. मशीन काय, पोरगी काय." मामाने मान डोलावली. आणि वहिनी, जिला त्या खोलीत माझ्याखेरीज आणि तिच्या मुलीखेरीज एकटीलाच सत्य ठाऊक होते, ती वहिनी म्हणाली, "पोर माझी खरं बोलते. लहानपनापासून." आणि तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्या हाताकडे पाहत होतो. 

तुळशीचे लग्न झाले, साखरपुडा झाला, लग्न झाले. मी अक्षता टाकल्या. त्या कोणाच्या डोक्यावर पडल्या ते पाहिले नाही. वहिनीचे माहेर शाबूत राहिले. लॅपटॉप दादाने भंगारवाल्याला दिला. आणि आमच्या घराला एक म्हण मिळाली. भावकीतली कोणतीही पोर पुढे शिकायचे म्हणाली, गाडी शिकायची म्हणाली, की कोणीतरी बोलतेच, "जास्त पळू नको बाय, तुझंबी कार्ड जळंल." सगळे हसतात. ज्या पोरी त्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या, त्यांनाही हे ऐकवले जाते. खोट्या जबाबाचे हे असे असते. तो देणाऱ्याबरोबर थांबत नाही.

सणावारी पुतणी येते. कडेवर मूल, मागून दुसरे. "काका, बरे आहात?" विचारते, मी बरा आहे म्हणतो. घरात आता कोणाचाही मोबाईल गरम झाला, की तिच्याकडे देतात, आणि ती तो उघडा करून पंख्याखाली ठेवते. तिच्या सासूने एकदा सगळ्यांसमोर विचारले, "तुला कसं गं कळतं हे?" ती म्हणाली, "एकदा जाळलाय मी." तेव्हाही ती माझ्यासमोर हसून बोलली.

माझ्या शेडखाली मी साक्षीदार फितूर होताना पुष्कळ पाहिले. कोणी पैशाने, कोणी मारहाणीच्या धाकाने, कोणी केवळ कंटाळून. त्यांतल्या कोणाचाही मला राग आला नाही. तो धंद्याचा भाग आहे. पण स्वतःच्याच बाजूने उभ्या असलेल्या एकमेव माणसाला खोटा पाडून, स्वतःच्याच हाताने केलेल्या निर्दोष कामावर दोष घेणारा साक्षीदार मी एकच पाहिला, आणि ते कुणाच्या भल्यासाठी होते हे आजतागायत मला उमगले नाही. आईला वाचवायचे होते, असे कोणी म्हणेल. आईने कोणते उपकार केले होते? आणि आईला वाचवले, तर मला कोणाच्या स्वाधीन केले? त्या दिवसापासून दादाच्या घरात माझे म्हणणे कोणी पुरते ऐकून घेतलेले नाही.

सबब, हे सर्व वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्या ग्राफिक कार्डाचा वाढवलेला वेग मर्यादेत होता, काळजीपूर्वक तपासलेला होता आणि यंत्राच्या मृत्यूस तो कारण नव्हता, हे मान्य करावे. सामनेवाली क्रमांक एक हिच्याकडून मला खुलासा नको; तिने जे केले ते का केले ते मला समजते, आणि समजते म्हणून क्षमा नाही. खुलासा हवा आहे तो क्रमांक दोनचा. पोरी, तू शनिवारी दोन पायऱ्या मागे आली होतीस. मी पाहिले होते, आणि मी पाहिले होते हे तुला माहीत होते. मग सोमवारी तू ते का नाकारलेस, याचे उत्तर लेखी द्यावेस. तोंडी चालणार नाही. तोंडी तू हसतेस. मुदत घालून देत नाही. आणि उत्तर आले नाही, तर तुझे काही म्हणणे नाही असे मी समजणार नाही.